मेणकापडातला चोर

एका छातीत एक गाव होतं आणि त्या गावात होता एक पहारेकरी. बाहेरचा जंतू शिरताना दिसला, की हा त्याला सरळ गिळायचा. पोटातल्या थैलीत कोंडायचा, वरून तेजाबाची घागर ओतायचा, की चोराचा कारभार आटोपला! मग चोराच्या कपड्याची चिंधी दाराबाहेर टांगायची, अशी तिथली रीत. चिंधी दिसली की गस्तीवाले धावून येत. आजवर एकही चोर आपल्या हातून वाचला नाही, हे तो दिवसातून चारदा तरी ऐकवत असे.

एके दिवशी मेणकापड पांघरलेला एक चोर आपणहून त्याच्या तोंडात शिरला. झटापटीत चिंधी हाती आली, पण घागर काही थैलीपाशी पोचेना. चोराने आतून वाटच अडवली होती.

"मामा, उगाच दमता कशाला?" आतून आवाज आला. "मी पडून राहीन गुपचूप. तुम्हाला एक चोर मारता आला नाही, हे गावाला कळलं तर काय पत राहील तुमची?"

पहारेकऱ्याला दरदरून घाम फुटला. त्याने चिंधी मुठीत दाबून धरली.

दुसऱ्या दिवशी गस्तीची नाईकीण आली. "दादा, चेहरा का उतरलाय? आत काही आहे का?"

"छे गं! जरा अपचन झालंय."

आत कुणीतरी हसलं. आता आवाज दोन होते.

त्याच्याच शिध्यावर पोसून दोनाचे चार झाले, चाराचे आठ. सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर जीव! बिचारा रोज ठरवायचा, उद्या मीच यांना संपवतो. तो उद्या काही उजाडला नाही. पोट मात्र तटतटू लागलं.

एका सकाळी त्याला आतली कुजबुज ऐकू आली. "आज हा फुटणार. मग शेजारची गल्ली आपली."

त्या गल्लीतून साऱ्या गावाचा श्वास जात होता. पहारेकऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. त्याने चिंधी दाराबाहेर टांगली आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "धावा! चोर माझ्या पोटात आहेत!"

नाईकीण धावत आली. पोटाला कान लावताच तिचे डोळे भरून आले.

"दादा, पहिल्याच दिवशी बोलला असतात, तर आम्ही तुमच्या तेजाबाला जोर दिला असता. आता ते फार झालेत. आता..."

"आता त्यांच्याबरोबर मलाही जावं लागेल, हेच ना?" तो म्हणाला. "मग हात आखडू नकोस, बाई. लवकर कर."

तिने हात आखडला नाही. चोर संपले, पहारेकरीही संपला, गल्ली वाचली.

पुढे त्याच्या जागी नवा पहारेकरी आला. त्यानेही एक मेणकापडवाला गिळला, आणि गिळताक्षणी भर चौकात बोंब ठोकली, "मला एकट्याला हा आवरत नाही, कुणीतरी या हो!"

सगळी गस्त धावली, त्याच्या तेजाबाला जोर दिला आणि चोर जागीच संपला. पहारेकऱ्याला कुणीही हसलं नाही.

तात्पर्य: 'मला जमत नाही' हे वेळेवर सांगणाऱ्याची फार तर घटकाभर मान खाली जाते, लपवणाऱ्याचा जीव जातो.