वस्तऱ्याचं सुख

“आणि मन स्थिर कुठं होतं तुझं?” आक्कांनी विचारलं.

“खरं सांगू? दाढी करताना.”

ओसरीवरची माणसं हसली. नीळकंठ आठल्येही हसला. सगळे हसणार हे त्याला ठाऊक होतं.

आक्का हसल्या नाहीत.

कोपरगावच्या खाली, गोदेच्या काठी एक लहानसा मठ होता. जाताना गुरुमहाराजांनी तो आक्कांच्या स्वाधीन केला होता. तांबडं आलवण, कपाळापर्यंत ओढलेला पदर, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत मिटलेले ओठ. बालपणी विधवा झालेल्या बाईचा जो वेष त्या काळी असे, तोच त्यांचा होता. माणसं लांबून त्यांच्याकडं येत.

नीळकंठ वकील होता. दर रविवारी सायकल मारत येई. येताना प्रश्न घेऊन येई आणि बहुतेक वेळा उत्तरही बरोबर आणी.

“कसं ते सांग,” आक्का म्हणाल्या.

त्याला तेवढंच हवं होतं.

“आधी गरम पाणी, आक्का. टॉवेल भिजवून चेहऱ्यावर धरायचा. कातडी सैल होते, केस मऊ पडतात. मग साबण. बाजारातला मी तसाच वापरत नाही, घरी करतो. चंदनी साबणाच्या वडीचा कीस, थोडं बदामाचं तेल, किंचित वाळा. यंदा दुधाची साय घालून पाहिली. फेस असा आला की ब्रश त्यात उभा राहिला!”

“आणि?”

“मग वस्तरा. विलायती शेफिल्डचा एक आहे, जर्मन दोन आहेत. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एक चिडका, जरा कोन चुकला की चावतो. एक अगदी शांत. आधी केसांच्या कलानं, मग उलट. बारीक सर्र आवाज येतो. त्या वेळी कोर्ट नाही, अशील नाही... काही नाही. लोक माळ ओढतात, मी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा ओढतो. फरक काय?”

पुन्हा कुणीतरी हसलं.

“वस्तऱ्यात एवढं सुख असतं?” आक्कांनी विचारलं.

“तुम्हाला नाही कळायचं, आक्का. ज्याच्या कातडीवरून तो फिरतो, त्यालाच कळतं.”

आक्कांनी पदर कपाळावर आणखी पुढं ओढला.

“पुढच्या रविवारी घेऊन ये सगळं,” त्या म्हणाल्या. “मला बघायचंय.”

* * *

रविवारी तो सकाळीच आला. सायकलच्या कॅरिअरला शिसवी पेटी बांधलेली होती. ओसरीवर आज दुसरं कुणी नव्हतं. मठात स्वयंपाक करणाऱ्या येसूबाईंनी गरम पाण्याचा तांब्या, एक परात आणि स्वच्छ पंचा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या.

नीळकंठनं पेटी उघडली. आत मखमल होती. त्यानं वस्तरे मांडले, ब्रश मांडला, साबणाची लाकडी वाटी, तुरटीचा खडा. मग खांबाला आरसा टेकवला आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

“आरसा राहू दे,” आक्का म्हणाल्या.

“मग मला दिसणार कसं?”

“तुझी नको करूस.”

त्यांनी पदर मागं घेतला.

नीळकंठ बघतच राहिला.

पांढऱ्या खुंटांनी भरलेलं लहानसं डोकं. उन्हात ते फार लहान वाटलं.

दोन वर्षं तो या बाईंसमोर बसत होता. त्या पदराखाली काय असेल, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. आलं असतं तर गेल्या रविवारी तो काय काय बोलला... ते त्याला आठवायला लागलं. एकेक शब्द आठवायला लागला. ‘तुम्हाला नाही कळायचं, आक्का.’

त्याचे कान तापले.

“आक्का, मी...”

“पाणी गरम आहे. चालू कर.”

“मी तुमच्या डोक्याला हात कसा लावू?”

“न्हावी लावतोच की.”

त्यानं पंचा भिजवला, पिळला आणि त्यांच्या डोक्यावर धरला. आक्कांनी डोळे मिटले. त्यांचे खांदे खाली आले, पण एकदम नाही. काहीतरी व्हायची वाट बघत असल्यासारखे ते बराच वेळ वरच राहिले होते.

त्यानं पंचा काढला, आणि मग त्याला वण दिसले.

कानामागं एक लांब होता. टाळूवर बारीक बारीक कितीतरी. ते कशाचे, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. हा बोथट धारेचा. हा कोरड्या कातडीवरून ओढल्याचा. हा घाईचा. एवढी वर्षं हौसेनं मिळवलेली जाण, आणि या घडीला ती आपल्याला नसती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

“हा कानामागचा...” त्याच्या तोंडून निघून गेलं.

“पहिल्या वेळचा. बारावं लागलं होतं मला. दोघींनी धरलं होतं. न्हावी रडत होता बिचारा. वस्तराच बोथट होता की त्याचा हात थरथरत होता, ते मला अजून कळलेलं नाही.”

नीळकंठनं ब्रश फिरवायला घेतला. फेस चढला. चंदन आणि वाळ्याचा वास ओसरीभर झाला. तो फेस त्यानं त्यांच्या डोक्याला लावला.

आणि तिथं त्याचा हात थांबला.

घरी द्वारकाआत्या होती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. तीही अशीच, तांबड्या आलवणातली. महिन्यातून दोनदा ती मागच्या विहिरीपाशी दगडावर जाऊन बसे आणि न्हावी येई. पाणी विहिरीचंच, गार. नंतर ती डोक्याला हळद लावून घरात वावरे. लहानपणापासून तो ती हळद बघत आला होता. आत्याच्या डोक्याला हळद असतेच, असं तो धरून चालला होता.

एकदा ती त्याच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. “नीळू, तुझा तो मऊ साबण जरासा देतोस का रे? फार आग होते डोक्याची.”

तो पट्ट्यावर वस्तरा ओढत होता. “आत्या, तो चेहऱ्याचा आहे गं!” तो हसून म्हणाला होता.

आत्याही हसली होती. “असं होय,” म्हणून निघून गेली होती. त्या दिवसापासून तो पेटीला कुलूप लावायला लागला. कशासाठी, ते त्यानं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

“थांबलास का?” आक्कांनी विचारलं.

मांडलेल्या वस्तऱ्यांतला शांत तेवढा त्यानं उचलला. तो खाली ठेवला, हात पुसले, पुन्हा उचलला.

मग तो अगदी हळू हळू काम करायला लागला. कानाजवळ आला की श्वास धरी. तो लांब वण त्यानं बोटानं झाकला आणि त्याच्या बाजूनं वस्तरा फिरवला. सर्र आवाज येत होता. आज त्याला तो ऐकवत नव्हता.

“आक्का,” बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “आता तर तुम्हाला कुणी सक्ती करणारं नाही. केस वाढवता आले असते.”

“वाढवले होते. मठात आले तेव्हा महाराजच म्हणाले, वाढव. खांद्यापर्यंत आले. दाट होते... विंचरताना मी रडायची.”

“मग?”

“मग एक दिवस मीच काढून टाकले.”

“का?”

“तोवर काढायला माझे नव्हतेच ते. वाढवले तेव्हा माझे झाले.”

वस्तरा पुसून त्यानं खाली ठेवला. कोमट पाण्यानं त्यांचं डोकं धुतलं, पंच्यानं टिपलं. कुठंही रक्त नव्हतं. आक्कांनी डोक्यावरून तळहात फिरवला. एकदा पुढून मागं, मग कानामागं. तिथं तो हात जरा रेंगाळला.

नीळकंठ मान खाली घालून बसला होता.

“आमच्या घरी आत्या आहे,” तो म्हणाला.

“हं.”

“तिनं एकदा साबण मागितला होता. मी... दिला नाही.”

आक्का ओल्या पंच्याची घडी घालत होत्या.

“ती विहिरीवर बसते, आक्का. माझ्या खिडकीतून दिसते. मी खिडकीत उभा राहून दाढी करतो. उजेड चांगला येतो म्हणून...”

“तिला कधी विचारलंस?” आक्का म्हणाल्या.

“काय विचारू?”

“काहीही.”

त्यानं नकारार्थी मान हलवली. मग तो एकदम पुढं वाकला आणि त्यांच्या पायांवर डोकं टेकायला गेला. आक्कांनी पाय मागं घेतले. त्याचं कपाळ ओसरीच्या शेणानं सारवलेल्या जमिनीला लागलं. तो तसाच राहिला.

“माफी इथं काय मागतोयस?” त्या म्हणाल्या.

तो उठून बसला. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही. त्यानं एकेक वस्तू पेटीत ठेवली. कुलूप हातात घेतलं, थोडा वेळ त्याच्याकडं पाहिलं आणि ते तिथंच ओसरीवर ठेवून दिलं.

आक्कांनी पदर डोक्यावर घेतला. मग उरलेल्या कोमट पाण्याचा तांब्या उचलला आणि त्याच्या पुढं धरला.

“आक्का, घर इथून लांब आहे...”

“पाणी निवायच्या आत पोच.”