फुगा मिरची आणि एवढीशी बेडकी

धोंडूकाकांनी बाजारातून मिरचीचं रोप आणलं. त्यांना हवी होती झणझणीत मिरची. निघाली ढोबळी. गोल गोल, हिरवी हिरवी.

अनसाकाकूनं नाक मुरडलं.
"ना तिखट, ना ठसका. ही कसली मिरची? हा तर फुगा."

पण त्या फुगा मिरचीखाली एक बेडकी राहायची. इवलीशी. तुझ्या अंगठ्याएवढी. पानांची सावली गार गार, बेडकीची पाठ ओली ओली.

मिरची फुगली. आणखी फुगली. रोपाला भार झाला.
कर्रर्र... धप्प.
रोप आडवं झालं. सावली गेली. बेडकीच्या पाठीवर ऊन आलं. चट् चट्.

ऊन लागलं की बेडकी वाळते, बरं का. मग तिला उडीच मारता येत नाही.

बेडकी निघाली. टुण टुण टुण.
भिंतीला टेकून काठी उभी होती.
"काठीताई, काठीताई,
मिरची उठेना,
सावली पडेना,
पाठ माझी चट् चट्.
तू धर ना."
काठी म्हणाली, "हॅट्. एवढीशी तू, आणि मला काम सांगतेस? सुतळी बांधेल, तर मी धरीन."

बेडकी निघाली. टुण टुण टुण.
सुतळी कुठे होती? मनी मांजरीच्या पोटाखाली.
"सुतळीबाई, सुतळीबाई,
काठी धरेना,
मिरची उठेना,
सावली पडेना,
पाठ माझी चट् चट्.
तू बांध ना."
सुतळी म्हणाली, "हॅट्. एवढीशी तू, आणि मला काम सांगतेस? मनी हलेल, तर मी बांधीन."

बेडकी वर बघायला लागली. वर मनीच्या मिशा.
"मनीमावशी, मनीमावशी,
सुतळी बांधेना,
काठी धरेना,
मिरची उठेना,
सावली पडेना,
पाठ माझी चट् चट्.
तू हल ना."
मनीनं एकच डोळा उघडला. "हॅट्. एवढीशी तू, आणि मला काम सांगतेस? काकू दूध देईल, तर मी हलेन."

बेडकी निघाली. टुण टुण.
आता उडी छोटी झाली होती.
"काकू, काकू,
मनी हलेना,
सुतळी बांधेना,
काठी धरेना,
मिरची उठेना,
सावली पडेना,
पाठ माझी चट् चट्.
तू दूध दे ना."
काकू म्हणाली, "हॅट्. एवढीशी तू, आणि मला काम सांगतेस? तेही त्या फुग्यासाठी? काका शेळीची धार काढतील, तर मी दूध देईन."

बेडकी निघाली. टुण.
थांबली. पुन्हा टुण.
काका गोठ्याच्या दारात बसले होते. पाय खाजवत, पाठ खाजवत.
"काका, काका,
काकू देईना,
मनी हलेना,
सुतळी बांधेना,
काठी धरेना,
मिरची उठेना,
सावली पडेना,
पाठ माझी चट् चट्.
तुम्ही धार काढा ना."
काका म्हणाले, "हॅट्. एवढीशी तू, आणि मला काम सांगतेस? गोठ्यातले डास जातील, तर मी धार काढीन."

बेडकी गोठ्यात शिरली. डास नाचत होते. गूंऽऽ गूंऽऽ.
"डासांनो, डासांनो,
धार निघेना,
काकू देईना,
मनी हलेना,
सुतळी बांधेना,
काठी धरेना,
मिरची उठेना,
सावली पडेना,
पाठ माझी चट् चट्.
तुम्ही जा ना."
डास म्हणाले, "हॅट्. एवढीशी तू, आणि आम्हाला काम सांगतेस? आम्ही कुणाला भीत नाही."

बेडकीनं डासांकडे पाहिलं. नीट पाहिलं. तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

गप.
गप. गप.
गपागप गपागप गपागप.

उरलेले डास पळाले.

डास गेले, काकांनी धार काढली. चुर्र चुर्र.
धार निघाली, काकूनं दूध दिलं.
दूध मिळालं, मनी हलली. चपक चपक.
मनी हलली, सुतळी सुटली.
बेडकी म्हणाली, "सैल बांध हं. गळा आवळू नको."
सुतळीनं सैल सैल वेढा घातला.
सुतळीनं बांधलं, काठीनं धरलं.
काठीनं धरलं, मिरची उठली.
मिरची उठली, सावली पडली.
बेडकीची पाठ झाली गार गार.

संध्याकाळी काकूनं एक मिरची तोडली. डाळीचं पीठ पेरून भाजी केली.
"ना तिखट, ना ठसका," काकू म्हणाली. आणि कढई पुसून खाल्ली.
काका नुसते हसले.

बाहेर काठी म्हणाली, "मी धरलं म्हणून झालं."
सुतळी म्हणाली, "मी बांधलं म्हणून झालं."
मनी म्हणाली, "मी हलले म्हणून झालं."

पानाखालून एवढासा आवाज आला.
"हॅट्."

आणि पोट भरलेली बेडकी निजली.
चल, आता तूही पाठ टेक.