शिवू नको म्हणणाऱ्या आईची कहाणी

ऐक जिवती आई, लेकरांच्या राखणारणी, तुझी कहाणी. नगर होतं आटपाट, पण तिथल्या एका सुनेच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. तिचं नाव वेणू. शिकली-सवरलेली, पोथ्या वाचणारी, म्हणूनच की काय, जरा जास्तच भिणारी. तिला एकुलती लेक, बकुळ. लेकीसाठी तिनं श्रावणी शुक्रवार धरले. घोर एकच, आपलं सोवळं चोख आहे ना? कुठं चुकलं तर लेकरावर उतरायचं.

मग तिनं काय केलं? लुगडं ओलं पिळलं, उंच वलणीवर काठीनं टाकलं, काठीनंच काढलं. ते नेसून पुरणाला बसली. बकुळ आली, म्हणाली, "आई, घे." वेणू म्हणाली, "शिवू नको गं, मी सोवळ्यात आहे." पहिल्या शुक्रवारी लेक रडली. दुसऱ्या शुक्रवारी उंबऱ्याशी बसून राहिली. तिसऱ्या शुक्रवारी आलीच नाही. माजघरात पडून राहिली, अंगात ताप, तोंड भिंतीकडे, दुधाची वाटी तशीच.

सासू म्हणाली, "अगं, पोर तापलंय, बघ तरी."

"बघतेय ना सासूबाई, इथून."

"इथून ताप कळायला तू काय वैद्य लागून गेलीस?"

वेणूला वाटलं, उठावं. मग वाटलं, उठले तर व्रत मोडेल, व्रत मोडलं तर ताप वाढेल. ती पुरण घाटत राहिली.

इतक्यात एक म्हातारी सवाष्ण दारी आली. तडक बकुळच्या उशाशी बसली. "का गं बाळे, रुसलीस?"

"आई सोवळ्यात आहे."

"सोवळं म्हणजे काय गं?"

बकुळ म्हणाली, "आईला मी नको असते, ते."

वेणूचा हात थांबला. म्हातारी वेणूला म्हणाली, "मुली, देवाच्या कामाला मन आणि हात निर्मळ असावेत, ते सोवळं. तुझं मन केव्हाचं इथं उशाशी येऊन बसलंय. चुलीपाशी नुसते हात आहेत."

"पण बाटलं तर?"

"व्रत कुणासाठी धरलंस?"

"हिच्यासाठी."

"मग?"

मग वेणू उठली. होती तशी, सोवळ्यानिशी. लेकीला पोटाशी धरलं. लुगड्याला अश्रू लागले, दूध सांडलं, मग घाम लागला. घाम आला तसा ताप उतरला. वेणूनं मान वर केली, तो म्हातारी नव्हती. सासू म्हणाली, "पुरण मी बघते. तू बस."

जसा वेणूच्या जिवाचा घोर गेला, तसा तुमचा आमचा जावो. साठा बोलांची कहाणी पाचा बोलांत फळाला आली.

पुरणाचा वास आला, तशी बकुळ म्हणाली, "मला दे." वेणू पुन्हा भ्याली. म्हणाली, "आधी नैवेद्य, मग आपण."

बकुळनं भिंतीवरच्या जिवतीच्या चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "विचारलं मी तिला. ती म्हणते, तू जेव, मी थांबते."