कच्ची बैठक

नदीकाठचं एक गाव होतं, आणि त्या गावाला पाण्याच्या रंगांनी चित्रं काढायचं खूळ होतं. खूळच म्हणायचं, कारण चित्रकार असा गावात एकही नव्हता. मास्तर होते, हलवाई होता, वैद्यबुवा होते, लोहार होता. दिवसभर ज्याचं त्याचं काम करायचे आणि सवड मिळाली की हातात ब्रश धरून बसायचे. मास्तरांची झाडं केरसुणीसारखी दिसत. हलवायाच्या चित्रात आभाळसुद्धा जिलबीच्या रंगाचं असे. वैद्यबुवा रंग इतका पातळ लावायचे की चित्र बघायला उन्हात धरावं लागे. आणि लोहार? त्याचा हात असा जड, की कागदच फाटायचा. पण हौस अशी दांडगी की विचारू नका!

दर रविवारी सकाळी ही मंडळी धर्मशाळेच्या ओसरीवर जमत. तिथं एक दोरी बांधलेली होती. प्रत्येकानं आपलं चित्र चिमट्यानं दोरीला अडकवायचं आणि मग सगळ्यांनी ते बघायचं. नियम एकच, पण कडक होता. पुरं झालेलं चित्र आणायचं नाही. अर्धं, अडलेलं, फसलेलं आणायचं. पुरं झालेलं चित्र घरच्या भिंतीवर लावा, पाहुण्यांना दाखवा, इथं नको. कारण साधं होतं. चित्र कच्चं असतं तोवर चूक सांगून उपयोग, नंतर सांगून काय करायचंय? म्हणून गाव तिला कच्ची बैठक म्हणायचं.

या बैठकीत एक शिंपीण येऊ लागली. बोटं अशी हलकी, की तिनं घातलेला टाका शोधावा लागे. पहिल्याच रविवारी तिनं देवळाचं अर्धं चित्र दोरीला लावलं. कळस जरा कलला होता. हलवाई चष्मा वर करून म्हणाला, "शिंपीणबाई, हा कळस आहे की मुळा?"

सगळे हसले. हलवाईही हसला, आणि लगेच पुढं होऊन कळस सरळ कसा करायचा तेही त्यानं समजावलं. पण शिंपिणीच्या कानात तो मुळाच राहिला. घरी जाईपर्यंत तिचे कान तापलेले होते. ती मनाशी म्हणाली, "पुन्हा म्हणून कुणाला हसू देणार नाही."

आणि तिनं एक युक्ती काढली. आता ही युक्ती ऐका, म्हणजे माणूस हुशार असला की स्वतःलाच कसा फसवतो ते कळेल. दुपारी दार लावून ती चित्र काढायची. बिघडलं की चुलीत. पुन्हा काढायची. पुन्हा चुलीत. आठ-दहा कागद जळले की एक चित्र मनासारखं उतरायचं. मग ते पुरं झालेलं चित्र समोर ठेवून ती दुसऱ्या कागदावर त्याची नक्कल करायची, पण अर्धीच! मुद्दाम एक कोपरा कोरा ठेवायचा, झाडाला पानं लावायची नाहीत, आणि रविवारी ते दोरीला अडकवून म्हणायचं, "सहज बसले होते काल. अजून बरंच राहिलंय."

मंडळींनी तोंडात बोटंच घातली. "काय हात आहे!" "एक फटकारा चुकत नाही!" वैद्यबुवा तर म्हणाले, "बाई, तुम्हाला आम्ही काय सांगणार? तुम्हीच आम्हाला सांगा."

शिंपिणीला गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोला, कुणालाही झाल्या असत्या. पण त्या दिवसापासून तिच्या चित्राबद्दल कुणी काही सांगेनासं झालं. तिला पाणी काही केल्या जमत नव्हतं. नदी काढायला गेली की ती रंगावर रंग चढवत बसे आणि नदीचा चिखल व्हायचा. पण हे विचारायचं कुणाला? जिचा फटकारा चुकत नाही, तिनं असलं विचारायचं?

तिकडं बाकीच्यांचंही बिनसलं. शिंपिणीचं अर्धं चित्र बघितलं की आपलं अर्धं काढून खिशात घालावंसं वाटे. मास्तर "या आठवड्यात वेळच मिळाला नाही हो" म्हणू लागले. लोहार तर यायचाच बंद झाला. एवढ्या मोठ्या दोरीवर चार चित्रं लोंबू लागली, आणि तीही कडेकडेनं.

त्या नदीवर नाव चालवणारी एक नावाडीण होती. सगळं गाव तिला मावशी म्हणे. चाळीस वर्षं तिनं माणसं, शेळ्या, वरातीसुद्धा अलीकडून पलीकडे नेल्या. आता तिचे गुडघे थकले होते, म्हणून तिची लेक तिला आपल्या गावी न्यायला येणार होती. ते गाव दूर होतं, खाडीच्या काठी. मावशी एक दिवस शिंपिणीकडे चोळीचं कापड घेऊन आली आणि म्हणाली, "पोरी, ही शीव. आणि अजून एक काम आहे. मला आपल्या नदीचं चित्र काढून दे. तिकडं गेल्यावर उठल्या उठल्या नदी दिसली नाही तर मला करमायचं नाही बघ. तुझं काही चुकत नाही म्हणतात, म्हणून तुलाच सांगते. पुढच्या रविवारी दुपारी माझी गाडी निघेल."

शिंपीण "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? या मावशीनंच तिला नवरी म्हणून नावेत बसवून या गावात आणलं होतं. ती रडत होती तेव्हा पाण्यात हात बुडवून मावशीनंच तिचं तोंड पुसलं होतं. मावशीला नदी द्यायची, तर ती खरीच द्यायला हवी.

सोमवारपासून शिंपीण बसली. एक कागद, दोन कागद, पाच कागद. अलीकडचा घाट छान उतरायचा. नाव छान उतरायची. पाण्याला हात लावला की चिखल. कागदवाला महिन्यातून एकदाच गावात यायचा आणि तो नुकताच येऊन गेला होता. शनिवारी दुपारी घरात शेवटचा कागद उरला. शिंपिणीनं श्वास रोखून घाट काढला, नाव काढली, नदीवर निळा हात फिरवला. अगदी बेताचा! रंग अर्धा सुकत आला होता, तेवढ्यात तिच्या ब्रशावरून पाण्याचा एक टपोरा थेंब निसटला आणि बरोब्बर नावेच्या शेजारी पडला. बघता बघता रंग बाजूला सरकला आणि तिथं फुलकोबीच्या गड्ड्याएवढा डाग पसरला.

शिंपिणीला रडूच फुटलं.

आणि दारात मावशी! "चोळी घालून बघायला आले गं."

शिंपिणीनं डोळे पुसले, चित्रावर धडपा टाकला आणि चोळी काढून दिली. मावशी ती अंगात घालता घालता कुरकुरली, "ही तर अजून पुरी शिवलीसुद्धा नाहीस. मोठे मोठे टाके नुसते. कच्च्या कपड्यात काय बघायचं?"

"अहो मावशी, कच्च्यातच बघायचं असतं," शिंपीण सवयीनं म्हणाली. "आत्ता काखेत दाटतंय, पाठीत सैल आहे, असं सांगाल तर दोरा ओढून सोडवता येतो. पक्की शिलाई घातल्यावर सांगून काय उपयोग?"

बोलली आणि स्वतःच चमकली. हेच ती पंधरा वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आली होती. लाजणाऱ्यांना दटावून ऐकवत होती. आणि स्वतः? तिला स्वतःचाच राग आला, आणि थोडं हसूही आलं.

"आणि चित्राचं काय गं? झालं?" मावशीनं विचारलं.

आता खरं सांगायचं तर शिंपिणीच्या पेटीत एक जुनं पुरं चित्र होतं. कुठल्याशा गढूळ ओढ्याचं. मावशीची नजर आता अधू झाली होती. ओढ्याची नदी करून दिली असती तर तिला कळलंही नसतं. शिंपिणीनं पेटीकडं बघितलं, मग मावशीकडं बघितलं.

"नाही झालं मावशी," ती म्हणाली. "बिघडलंय. पण उद्या सकाळी बैठकीत घेऊन जाते. सगळे बघतील."

रविवारी सकाळी ती आधी लोहाराच्या भट्टीवर गेली. लोहार नांगराचा फाळ ठोकत होता. शिंपीण दारातूनच म्हणाली, "दादा, माझं चित्र बिघडलंय. जरा येता का?"

लोहारानं हातोडा खाली ठेवला. "तुमचं? चेष्टा करायला आलात का, ताई?"

"चेष्टा नाही. आजवर माझी दहातली नऊ चित्रं बिघडली. मी ती जाळत होते आणि उरलेल्या एकाची अर्धी नक्कल तुम्हाला दाखवत होते. तुम्ही माझ्यामुळं यायचे थांबलात, ते मला ठाऊक होतं. तरी मी गप्प राहिले."

लोहारानं हात धुतले आणि तो तिच्याबरोबर निघाला.

ओसरीवर शिंपिणीनं डागाचं चित्र दोरीच्या अगदी मधोमध लावलं आणि लोहाराला सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं. शिंपिणीला वाटलं, आता आपल्याला हाकलून देतात. पण हलवाईच म्हणाला, "म्हणजे बाई, गेलं वर्षभर मी उगाच स्वतःला ठोंब्या समजत होतो?"

"हो," शिंपीण म्हणाली.

"मग आधी सांगायचंत ना! माझी झोप गेली होती हो!" तो असा काही कळवळून बोलला, की वैद्यबुवांना हसू आवरेना, आणि मग सगळेच हसले. या वेळी शिंपीणही हसली.

लोहार मात्र डागाजवळ नाक नेऊन उभा होता. "हा डाग?" तो म्हणाला. "अहो, हा तर माझा डाग आहे! माझ्याकडं असे नऊ आहेत. ताई, तुम्ही यावर आणखी रंग लावलात का?"

"लावणारच होते."

"मुळीच लावू नका. तिथंच चिखल होतो. आधी कागद खडखडीत सुकू द्यायचा. मग कोरा ओला ब्रश डागाच्या कडेवरून हलकेच फिरवायचा आणि कापडानं टिपून घ्यायचं. घासायचं नाही. घासून घासून मी चार कागद फाडलेत, म्हणून सांगतो."

शिंपिणीनं तसंच केलं. कड विरघळली. डाग गेला नाही, पण मवाळ झाला. मास्तर लांब उभे राहून ओरडले, "अहो, वल्हं! वल्हं पाण्यात पडल्यावर तिथं असाच फेस येतो!" शिंपिणीनं डागाच्या वर एक वल्हं काढलं. आणि काय सांगू, ती नाव चालू लागली! जिथं डाग होता तिथं पाणी उसळत होतं. गेले सहा दिवस जे पाणी तिला सापडत नव्हतं, ते त्या बिघडलेल्या जागीच होतं.

ती आनंदानं पुढं पाणी काढत गेली. वैद्यबुवा "पातळ, अजून पातळ" म्हणत होते, आणि पाण्याच्या बाबतीत त्यांचं पातळ अगदी बरोबर होतं. पण एवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मावशीची गाडी ओसरीशी येऊन थांबली. नदीपलीकडचा काठ अजून कोराच होता.

शिंपिणीनं चित्र दोन्ही हातांत धरून मावशीपुढं केलं. मावशीनं ते डोळ्यांजवळ नेलं. घाटावर बोट फिरवलं, नावेवर फिरवलं, वल्ह्याखालच्या फेसावर तिचं बोट थांबलं. "हे माझंच वल्हं," ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले. मग तिनं कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "आणि पलीकडचा काठ?"

"राहिला, मावशी. वेळ पुरला नाही. मला माफ करा."

"माफ कसलं करायचं? राहिला तेच बरं झालं. मी जाते तिथला काठ कसा आहे ते मला तरी कुठं ठाऊक आहे? इथं घर आहे की माड आहेत, कोण उभं असतं वाट बघत, ते तिकडं जाऊन बघते आणि मग इथं काढते."

"तुम्ही काढणार?" हलवायाच्या तोंडून निघून गेलं.

"का? शिंपीण काढते, लोहार काढतो, मला काय धाड भरलीय?"

"पण मावशी, बिघडलं म्हणजे?"

"बिघडलं तर तसंच घेऊन येईन की! इथं माझी माणसं आहेत ना सांगायला."

लेकीनं मावशीला हात देऊन गाडीत बसवलं. शिंपीण धावत ओसरीवर गेली आणि आपला सगळ्यात चांगला ब्रश आणून तिच्या हातात दिला. गाडी हलली. मावशी मांडीवर चित्र उघडं धरून बसली होती, आणि वळणापर्यंत ती मागं न बघता त्या कोऱ्या जागेकडंच बघत होती.

तेव्हा मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते इतकंच: चूक झाकली तर ती आपल्यापाशीच राहते आणि दुसऱ्याचाही धीर घालवते. तीच वेळेवर चार आपल्या माणसांपुढं मांडली, तर तिच्यातून वाट निघते, आणि बघणाऱ्यालाही हातात ब्रश धरावासा वाटतो.