कप्तान परतला की राहिला

एका गावात एक वाचनालय होतं आणि त्या वाचनालयात हरबा नावाचा एक भोळा शिपाई होता. सांगितलेलं काम करायचा. सांगितलं तेवढंच करायचा. नऊ वर्षं हंगामी होता.

त्या साली टीव्हीवर 'शनीपलीकडची छावणी' नावाची मालिका लागली. माणसं यानात बसून शनीच्या पलीकडे जातात आणि तिथे जाऊन भांडतात, एवढीच गोष्ट. गावाने ती जेवणं खोळंबवून बघितली. मालिका संपल्यावर तिच्यावरून कादंबरी निघाली. वाचनालयाने आठ प्रती घेतल्या. कादंबरीचा लेखक रविवारी गावात येणार असं ठरलं.

ग्रंथपाल आप्पा हरबाला म्हणाले, "लेखकासमोर वाचून दाखवायला वाचकांची मतं हवीत. ती तू आण. तुझ्या कायम नोकरीच्या कागदावर अध्यक्षांनी सही करून ठेवलीय. सगळं नीट झालं तर रविवारी हातात देतील. नाहीतर फाडतील. कळलं? वाचक बोलेल तो शब्द न शब्द लिहायचा."

"बरं आप्पा," हरबा म्हणाला.

सोमवारी तो यमुनाबाईकडे गेला. ती चुलीपुढे बसली होती. हरबाने वही उघडली. संध्याकाळी आप्पांनी ती वाचली.

'टीव्हीत दर दहा मिनिटांनी जाहिरात यायची, तेवढ्यात भाकरी भाजून व्हायची. पुस्तकात तशी सोय नाही. हाड. माझ्या तीन भाकऱ्या करपल्या. मेल्या, भिंतीवरून उतर, नाहीतर बापाला सांगते. कप्तान देखणा आहे. हाड म्हणते ना.'

आप्पा म्हणाले, "अरे शहाण्या, लेखकाला काय हाड म्हणायचंय? इकडचं तिकडचं सोडायचं. पुस्तकाबद्दल असेल तेवढंच लिहायचं. बाकी कशाकडे लक्ष द्यायचं नाही."

"बरं आप्पा. आता चूक नाही."

मंगळवारी हरबा दगडू शिंप्याकडे गेला. शिंपी मशीनवर होता, पुस्तक ओट्यावर होतं. वहीत असं आलं:

'पहिली शंभर पानं यान दुरुस्तच करतात. तेवढ्यात मी वरातीचे कपडे शिवले असते. शेळीने पुस्तक ओढलं. हरबा, पुस्तक. शेळीने पहिलं प्रकरण खाल्लं. हरबा, अरे पुस्तक. दुसरंही खाल्लं.'

"शेळी हाकलली का नाहीस?" आप्पांनी विचारलं.

"लिहीत होतो. सगळं पुस्तकाबद्दलच होतं."

आप्पांनी कपाळाला हात लावला. "हे बघ, आधी पुस्तक जपायचं. पुस्तक धोक्यात दिसलं की उचलायचं आणि पळत इकडे आणायचं. कुणाचं ऐकायचं नाही."

"बरं आप्पा. आता चूक नाही."

बुधवारी पोस्टमन विहिरीच्या कठड्यावर बसून तीच कादंबरी वाचत होता. हरबाने विहीर बघितली. पाणी बघितलं. पुस्तक बघितलं. मग त्याने पोस्टमनच्या हातातून ते ओढलं आणि पळत सुटला. मागून पोस्टमन, पोस्टमनच्या मागून पत्रं. कुणी पुढारी आलाय असं समजून चार पोरंही धावली.

वाचनालयात येऊन पोस्टमन दम खात म्हणाला, "आप्पा, शेवटचं पान राहिलं होतं. कप्तान पृथ्वीवर परततो की नाही तेवढं कळायचं होतं. ह्याने नेलं."

त्याने उभ्यानेच ते पान वाचलं आणि पुस्तक टेबलावर आपटलं. "टीव्हीत परतला होता. पुस्तकात तिथंच राहिला. त्याची बायको दारात ओवाळायला उभी, आणि हा तिथंच. लिहिणाऱ्याला काही लेकरंबाळं आहेत की नाही?"

तेवढं मत हरबाने बरोबर लिहिलं. पण आप्पा चिडलेच होते. "वाचणाऱ्याच्या हातून पुस्तक ओढायचं नसतं. त्याचं होईपर्यंत समोर गप्प बसायचं. हलायचं नाही."

"बरं आप्पा. आता चूक नाही."

गुरुवारी हरबाला भागूआजी दिसली. अंगणात पुस्तक घेऊन बसली होती. हरबा समोर बसला. आजी पुस्तकाकडे बघत होती, हरबा आजीकडे. दुपार झाली. आजीने भाकरी दिली, त्याने खाल्ली. शुक्रवारीही तसंच. शनिवारी आजीनेच विचारलं, "तू कुणाचा रे? तीन दिवस झाले, मुक्यासारखा जेवून जातोस."

"मत घ्यायला बसलोय. तुमचं वाचून होऊ दे."

"मला कुठलं वाचता येतंय बाबा? वरच्या चित्रातला हा माणूस माझ्या भावासारखा दिसतो. म्हणून बघते."

हरबा रिकामी वही घेऊन आला. आप्पांचा आवाज आता चढला नाही, उतरला. "मत विचारायच्या आधी माणसाने वाचलंय का ते विचारावं रे. असू दे. तीन मतं झाली, तेवढी पुरेत. उद्या तू फक्त दारात उभा राहा. फुकटचा चहा प्यायला गर्दी होते. आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, पुस्तक वाचलंय का. नाही म्हणाला तर सोडायचा नाही. हो म्हणाला तर शेवट विचारायचा. शेवट चुकला तर सोडायचा नाही. मग तो कितीही मोठा असो."

"कितीही मोठा," हरबाने म्हणून बघितलं. नोकरीचा प्रश्न होता.

रविवारी सकाळी आप्पांनी हार, शाल, नारळ आणि हरबाचा कागद आतल्या टेबलावर मांडला आणि ते पाहुण्यांना आणायला एसटी स्टँडवर गेले. हरबा दारात उभा राहिला. यमुनाबाई, दगडू शिंपी आणि पोस्टमन 'राहिला' म्हणून आत गेले. बाकीचा गाव म्हणाला, कप्तान परतला. टीव्ही बघणारा गाव. हरबाने सगळ्यांना अंगणात ठेवलं.

मग पाहुणे आले, सोबत आप्पा आणि अध्यक्ष.

"आप्पा, पुस्तक वाचलंय का?" हरबाने विचारलं.

"अरे, मला वेळ कुठे मिळाला? बाजूला हो."

"नाही म्हणाला तर सोडायचा नाही. अध्यक्ष, तुम्ही?"

"वाचलंय की," अध्यक्ष म्हणाले. "कप्तान परततो. बायको ओवाळते."

"चुकलं. तुम्ही?"

लेखक हसले. "मी लेखक आहे. मी लिहिलंय ते."

"लिहिलं असेल. वाचलंय का?"

लेखकांनी जरा विचार केला. "छापून आल्यावर नाही वाचलं. पण शेवट माहीत आहे. कप्तान परततो."

"राहतो."

"राहतो?" लेखक आप्पांकडे वळले. "मी तर त्याला आणला होता. प्रकाशकाला दुसरा भाग काढायचा असेल, त्याने ठेवून घेतला वाटतं."

"म्हणजे वाचलं नाही," हरबा म्हणाला. तो आत गेला आणि त्याने कडी लावली.

अंगणात गाव हसत होता. अध्यक्ष खिडकीशी आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हरबा, दार उघड. तुझा कागद मी आत्ताच्या आत्ता फाडणार आहे."

"फाडा की," हरबा म्हणाला. "पण कागद आत आहे. आत यायचं तर आधी वाचावं लागेल."

आणि त्याने गजांतून एक प्रत बाहेर दिली.

त्या दिवशीचा कार्यक्रम अंगणात झाला. हार आत, लेखक बाहेर. पण अध्यक्ष हट्टी माणूस. एका शिपायापुढे हार कशी मानायची? पुस्तक वाचूनच आत जाणार आणि कागद फाडणार, असं त्यांनी चारचौघांत बोलून दाखवलं.

त्याला आता पाच वर्षं झाली. अध्यक्ष यानदुरुस्तीच्या सदतिसाव्या पानावर आहेत. हरबा रोज दहाला येऊन वाचनालय उघडतो, आणि अध्यक्ष दिसले की कुठवर आलं म्हणून आदराने विचारतो.