दूध तोडणारी कोंडाबाई

ऐका, पण मधे बोलू नका. मधे कोणी बोललं की माझा धागा तुटतो, आणि मग मी मुळीच सांगत नाही.

फार वर्षांपूर्वी, आपल्या खडकुलीच्या ओढ्याला उन्हाळ्यातसुद्धा पाणी असायचं त्या काळी, गावाच्या कडेला कोंडाबाई नावाची एक बाई राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालंच नाही. एक झोपडी, दारात कडुनिंब, मागं उंबर आणि दावणीला एक शेळी. एवढाच तिचा संसार. आणि काम काय करायची? तर पोरांचं दूध तोडायची.

हसू नका. मोठं काम होतं ते. पोर चालायला लागतं, दात येतात, तरी आईला सोडत नाही. आई पुन्हा दिवसांत असते, अंगात ताकद नसते. तोडायचं म्हटलं की पोर रडतं, आणि पोर रडलं की आई विरघळते. मग कोंडाबाईला बोलावणं जायचं. ती कडुनिंबाचा पाला वाटायची आणि आईच्या छातीला लावायची. पोर तोंड लावायचं आणि थू थू करायचं. मग त्याला कडेवर घालून ती आपल्या झोपडीत न्यायची. तिचा एकच नियम होता. "आईनं नजरेआड व्हायचं. आई समोर दिसली की पोर दुसरं काही तोंडात घेत नाही." थोडे दिवस पोर ऊर फुटेस्तोवर रडायचं. मग भात खायला लागायचं, मग खिदळायला लागायचं. आणि खिदळायला लागलं रे लागलं की आई येऊन घेऊन जायची.

म्हणजे बघा, रडणं सगळं कोंडाबाईच्या वाट्याला आणि हसणं आईच्या.

गरज सरो, वैद्य मरो. एकदा का काम झालं, की त्याच बाया तिला वाटेत टाळायच्या. पोरं तिला पाहिली की आईच्या पदराआड लपायची. जेवत नाही पोर? "बोलावू का कोंडाबाईला?" असं म्हणायचं, की घास मुकाट आत. गावातलं एकेक माणूस तिच्या झोपडीत राहून गेलेलं, पण तिच्या दारात कोणी पाऊल टाकायचं नाही. सणावाराला ती पुरण घालायची, पोळ्या करायची आणि दारात वाट बघत बसायची. मग त्या पोळ्या शेळी खायची.

गजरा म्हणून एक तरणी बाई होती, पाटलांच्या आळीतली. तिची लेक तोडली तेव्हा लेकीचा रडून रडून आवाज बसला. गजराच्या काळजाला ते लागलं. एक दिवस ओढ्यावर धुणं धुताना सगळ्या बायांसमोर ती कोंडाबाईला म्हणाली, "लेकरांना तोडायला तुझा हात धजतो तरी कसा गं? स्वतःचं नाही, म्हणून धजतो. बघशील, मरताना तुझ्या तोंडात पाणी घालायला कोणी नसेल!"

बायांनी खाली माना घातल्या. कोंडाबाईनं लुगडं पिळलं, खांद्यावर टाकलं आणि निघून गेली. पण ते बोलणं तिच्या आत जाऊन बसलं. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की तिला तेच आठवायचं. शेवटी कोण? कोणाच्या हातचं?

त्याच साली, फाल्गुन सरता सरता, तिच्या छपराच्या वळचणीतून खारीचं एक पिल्लू खाली पडलं. आईला मांजरानं नेली होती. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, करंगळीएवढा जीव. दुसऱ्या कोणी उचलून बाहेर टाकलं असतं. कोंडाबाईनं पदरात घेतलं.

पोटाची कातडी तिनं चिमटीत धरून सोडली. वळी तशीच उभी राहिली. म्हणजे आतून सुकलेलं. पोरांचं बघून बघून तिला ते कळायचं. मग आधी नुसतं कोमट पाणी, गुळाचा खडा विरघळवून. देवाच्या दिव्यासाठी वळलेली कापसाची वात त्यात बुडवायची आणि पिल्लाच्या ओठाला लावायची. उताणं नाही हं धरायचं, पालथं धरायचं, नाहीतर नाकात जाऊन गुदमरतं. पाणी पचलं, मग शेळीच्या दुधात पाणी घालून तेही वातीनंच. दर थोड्या वेळानं वात, दर थोड्या वेळानं चिमूट. कातडी झटकन खाली बसायला लागली, त्या दिवशी कोंडाबाई एकटीच मोठ्यानं हसली. आपलंच हसू ऐकून दचकलीसुद्धा, असं म्हणतात.

तिनं त्या खारीचं नाव ठेवलं बायो.

डोळे उघडले तेव्हा बायोनं पहिली पाहिली ती कोंडाबाई. अंगावर केस आले, पाठीवर पट्टे उमटले. ती चोळीच्या बाहीतून शिरायची, मानेवरून फिरायची, अंबाड्यात झोपायची. ज्या बाईला बघून पोरं पळायची, तिच्याकडं हा जीव पळत यायचा. कोंडाबाईची हाक ऐकली की हातातलं काय असेल ते टाकून यायचा. अहो, आजवर तिच्याकडं धावत आलंच होतं कोण?

पण बायोला दात आले. वात चावायला लागली, कापसाचे धागे गिळायला लागली. आता दूध तोडायला हवं, दाणा दाखवायला हवा, मातीच्या पसरट परळात पाणी ठेवायला हवं. हे कोंडाबाईला कोणी सांगायचं? साऱ्या गावाला तिनंच सांगितलेलं. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! "आज नको, उद्या," असं ती रोज म्हणायची. वात सुटली की बायो उंबरावर जाणार, आणि उंबरावर गेली की गेली. मग पुन्हा ती, ती शेळी आणि त्या पोळ्या. म्हणून पाणीसुद्धा ती वातीनंच पाजायची, परळ कधी दाखवलंच नाही. वाढती खार नुसत्या दुधावर. पोट सुटलं, शेपटीचे केस झडले, तरी हिची वात काही सुटेना.

वैशाख लागला आणि शेळी आटली. दुधाचा थेंब नाही. आता तोडल्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि तेही एका दिवसात. कोंडाबाईला जन्मभर एकच रीत ठाऊक होती. तिनं पाला वाटला आणि वातीला लावला.

बायोनं वात तोंडात धरली आणि थू थू केलं. दोन्ही पुढच्या पायांनी तोंड पुसत कोपऱ्यात जाऊन बसली. कोंडाबाई मनाशी म्हणाली, तुटलं. घटकाभरानं तिनं नवी वात घेतली, नुसत्या पाण्यात बुडवली, पुढं केली. बायोनं तोंड फिरवलं. बोटावर थेंब धरला, तोंड फिरवलं. ओंजळीत पाणी धरलं, तर ती छपरात पळाली.

आता तुमच्या ध्यानात आलं का काय झालं ते? त्या खारीनं उभ्या जन्मात पाणी प्यायलं होतं ते त्याच वातीनं आणि त्याच हातानं. दूध कडू झालं तसं पाणीही कडू झालं. कोंडाबाईनं राखेनं हात घासले, मातीनं घासले, कातडी सोलवटली. पण जन्मभर वाटलेला पाला, त्याचा कडवटपणा काय एका दिवसात जातो? बाहेर उन्हाची काहिली. दुसऱ्या दिवशी बायो छपरातून आपसूक खाली पडली. कोंडाबाईनं पोटाची कातडी चिमटीत धरली. वळी उभीच राहिली.

तेव्हा ती बाई रडली. नवरा गेला तेव्हा रडली नव्हती, एवढी रडली. काही लोक म्हणतात, खारीनं तिच्या डोळ्यांतलं पाणी चाटलं आणि ती वाचली. काहीतरीच! खारट पाण्यानं तहान भागते होय कुठं? खरं काय झालं, ते मी सांगते.

रडणं ऐकून ओढ्यावरून गजरा आली. हो, तीच गजरा. तिच्या कमरेला टोपली होती, टोपलीत ओढ्याकाठच्या वाळूतल्या वाडीतली, काकडीसारखी रसाळ वाळकं. तिनं पाहिलं आणि दारातच उभी राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "माझ्या लेकीच्या वेळी तू मला काय सांगितलं होतंस?"

कोंडाबाईनं खारीला पदरात घट्ट धरलं.

"नजरेआड हो म्हणाली होतीस. मी शेतात जाऊन बसले होते, कानात बोटं घालून. तू इथं हिच्यासमोर बसलीस, तर ही दुसरं काय तोंडात घेईल? ऊठ. मी बघते."

कोंडाबाई उठली. पाय निघत नव्हता, तरी उठली. गजरानं उंबराखाली मातीचं परळ ठेवलं, पाण्यानं भरलं. वाळकाची पातळ फोड कापली, बायोला त्याच्याशेजारी ठेवलं आणि स्वतःही लांब झाली. कोंडाबाई ओढ्यापलीकडं जाऊन पाठ करून बसली. मागं वळून बघायची नाही. ज्यांची लेकरं तिनं नेली होती, त्या साऱ्या बाया कशा बसल्या असतील, ते तिला त्या दिवशी कळलं, असं म्हणतात.

आधी बायोनं फोडीचा ओलावा चाटला. मग फोड कुरतडली. मग परळाच्या काठावर पुढचे पाय ठेवून पाणी प्याली. "प्याली गं मावशी, प्याली!" असं गजरा ओरडली, तेव्हाच कोंडाबाईनं पदर तोंडावरून काढला.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

कोंडाबाई झोपडीत परत आली. बायो उंबरावरून धावत आली, चोळीच्या बाहीत शिरली, बोट चाटलं आणि पुन्हा थू थू केलं. मग दारात बसली ती बसलीच. परळाकडं जाईना, उंबराकडं जाईना. कोंडाबाई लांब गेली की बायो प्यायची, जवळ आली की उपाशी राहायची. दोनदा तसंच झालं. तिसऱ्यांदा कोंडाबाईनं शेळीचं दावं सोडलं, भांडीकुंडी डोक्यावर घेतली आणि ओढ्यापलीकडच्या एका पडक्या खोपीत कायमची राहायला गेली. रोज सकाळी, खारी उठायच्या आधी, ती उंबराखालचं परळ भरून जायची आणि तिथं क्षणभरही थांबायची नाही. संध्याकाळी खोपीच्या दारातून उंबराकडं बघायची. एवढ्या लांबून खार दिसते होय? तिला दिसायची, असं म्हणतात.

पाला मात्र तिनं पुन्हा कधी वाटला नाही. कोणी बोलावलं तर म्हणायची, "आधी पाणी दाव, मग दूध तोड. वाटी शिकव, दुसऱ्याच्या हातचं शिकव, हळूहळू शिकव. घाई मी केली होती." मग बोलावणी कमी झाली. आता रडायलाही कोणी पोर तिच्याकडं येईना.

अशी कितीतरी वर्षं गेली. खार काय इतकी जगते? नाही जगत. पण बायो जगली, असं म्हणतात, आणि मी ते मानते.

एका वैशाखात कोंडाबाईला ताप भरला. गाव सगळं एका लग्नाला गेलेलं. भर दुपार, खोपीत ती एकटी, घशाला कोरड, माठ हाताच्या अंतरावर आणि हात उचलत नव्हता. उंबराखालचं परळही तेव्हा पहिल्यांदाच कोरडं पडलं होतं.

दिवस कलता कलता गजरा परतली. तिचेही केस पांढरे झाले होते. परळ कोरडं पाहिलं आणि ती ओढा ओलांडून धावली. तिनं पाहिलं, ओढ्यापासून खोपीपर्यंत तापलेल्या फुफाट्यावर पाण्याच्या थेंबांची एक बारीक ओळ होती. कोंडाबाई शांत पडली होती, जीव गेलेला. ओठ ओले होते. आणि छातीवर एक म्हातारी खार बसली होती, शेपटी चिंब भिजलेली.

"मी म्हणाले होते गं," असं म्हणून गजरा खोपीच्या दारातच बसली. "तुझ्या तोंडात पाणी घालायला कोणी नसेल, असं मीच म्हणाले होते."

बायोला त्यानंतर कोणी पाहिलं नाही.

तेव्हापासून आपल्या गावात पोराचं दूध तोडायला कडुनिंब लावत नाहीत. आधी वाटीनं पाणी शिकवतात. आणि दूध सुटलं की आई पोराला कडेवर घेऊन उंबराखाली जाते, त्याच्या मुठीत लहानसा गडू धरवते आणि त्याच्याच हातानं परळात पाणी ओतवते. आई म्हणते, "कोंडाबाई, पाणी घे." मग दोघं लांब होतात, आणि खारी खाली उतरून पितात. गावातलं एक पोर यातून सुटलेलं नाही. तूही घातलंयस तिच्या तोंडात पाणी, आणि तूही, ए, मागं बसलेल्या. तुम्हाला आठवत नसेल. दूध नुकतंच सुटलेली लेकरं होतात तुम्ही.