लुगड्यांनी झाकलेला वेल

फार पूर्वी, नदीकाठच्या एका लहानशा गावात भिकाबाई नावाची एक बाई राहायची. कामाला वाघ, पण स्वभावानं भारी संशयी. तिची लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. बाळंतिणीला दारच्या वेलाचा कोवळा दुधी खायला घालायचा, असं भिकाबाईनं मनाशी पक्कं धरलं होतं. शेजारच्या चंपाबाईनं बी दिलं, आणि वेल बघता बघता परसातल्या मांडवावर पसरला.

चंपाबाई रोज डोकावून जायची. एकदा तिनं कौतुकानं बोट दाखवून इवले इवले दुधी मोजले. आता कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, असं सगळं गाव मानायचं. आणि नेमके थोड्याच दिवसांत ते सगळे दुधी कुजले. खरं तर त्यांना माशी डसली होती हो! पण ते बघायला भिकाबाईला सवड कुठली? चंपाबाईचीच दृष्ट लागली, असं तिनं ठरवूनच टाकलं. दोन्ही परसांमधलं फाटक लावून घेतलं आणि जुनी लुगडी बांधून मांडव चहूबाजूंनी झाकला. चंपाबाईनं हाका मारल्या, तर ही ओ देईना.

पुढे फुलं आली, पण त्यांच्या देठाशी दिसणारी इवली फळं वाढायच्या आधीच पिवळी पडून गळू लागली. भिकाबाईनं आणखी एक लुगडं बांधलं.

शेवंता आली, सुखरूप बाळंत झाली. वेलावर मात्र नुसती पानं. भिकाबाईचा जीव तुटायचा.

एका संध्याकाळी शेवंता बाळाला घेऊन मागच्या पडवीत बसली होती. विरलेल्या लुगड्यांतून मांडवातली पांढरी फुलं उमललेली दिसत होती आणि पतंगासारखी इवली पाखरं बाहेरून लुगड्यांवर आपटत होती. ती जरा वेळ बघत राहिली.

“आई, फुलावर पाखरू बसलंच नाही, तर फळ धरेल कसं?”

नुकसान चंपाबाईच्या नजरेनं नव्हे, आपल्याच लुगड्यांनी केलं, हे कळून भिकाबाई खजील झाली. तिनं सगळी लुगडी सोडली, फाटक उघडलं आणि चंपाबाईच्या दारात जाऊन, उगाच तुझ्यावर आळ घेतला म्हणून माफी मागितली. चंपाबाईनं तिला आत नेऊन एक कोपरा दाखवला. तिथे दुधी पडले होते, सगळे निबर होऊन गेलेले.

“शेवंतासाठी एकेक राखत गेले. पण तुझं फाटकच उघडेना.”

भिकाबाई रडू लागली.

तात्पर्य: संशयानं दार लावून घेतलं, की वाईट अडो न अडो, आपल्यासाठी येणारं चांगलं मात्र बाहेरच राहतं.